नवव्या मजल्यावरची धुरी

नवव्या मजल्यावर एकही माणूस नव्हता, आणि तिथं माझ्या मुलीच्या टाळूचा वास येत होता.

पहिल्यांदा वाटलं, माझ्याच अंगाला येतोय. सकाळी शमूला कडेवर घेऊनच मी चहा केला होता, तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी कुडत्याची बाही हुंगली. बाहीला डब्यातल्या मेथीचा वास होता. खिडकीशी गेले, तिथं थोडा कमी. खांबाशी आले, जास्त. शेवटी भिंतीला नाक लावलं. वेखंड, ओवा, शेपा, जरासं खोबरेल, आणि त्या सगळ्याच्या खाली तो कोमट, दुधासारखा वास. त्याला नाव नाही. ज्या बाईनं मूल छातीशी धरलंय तिला तो अंधारातही ओळखू येतो.

"मॅडम, रंग ओला नाही हं," मागून कुणीतरी हसून म्हणालं.

डॉ. मीनल टिळेकर. खराडीच्या या इमारतीची हवा बघणाऱ्या ठेकेदार कंपनीच्या 'हवा-प्रमुख'. असं एक पद हल्ली असतं. कडक इस्त्रीची साडी, पायात पळायचे बूट.

"माणसं कुठायत?" मी विचारलं.

"जेवायला गेलीत."

"सगळी?"

"आज खाली बिर्याणी आहे ना."

मी मजल्याकडे पाहिलं. टेबलांच्या रांगा, प्रत्येकावर संगणकाचा पडदा, पडद्यावर फिरणारं एकच फूल. जवळच्या खुर्चीच्या हातावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. पण माझ्या खांद्याला अडकवलेलं यंत्र शांतपणे सांगत होतं की आम्ही दोघी सोडून या मजल्याच्या हवेत दोनशे बारा माणसं आहेत.

त्या यंत्राबद्दल सांगायला हवं.

ऑफिसातली कामं आधी लोकांच्या घरी गेली, मग घरूनही गेली आणि यंत्रांकडे आली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मागं उरल्या काचेच्या इमारती. बाणेर, हिंजवडी, खराडी, जिथं बघाल तिथं. त्यांच्या भाड्यांवर पेन्शनींचे फंड उभे होते, लहानसहान माणसांनी विकत घेतलेले हिस्से होते. त्यामुळे इमारत रिकामी आहे असं म्हणणं कुणालाच परवडत नव्हतं. मालक आपल्याच दुसऱ्या कंपनीला जागा भाड्यानं द्यायचे, ती कंपनी तिसरीला. कागदावर सगळं भरलेलं. शेवटी बँका म्हणाल्या, कागद नको, माणसं दाखवा. दारावरची कार्डं मोजली, तर कार्डं दाखवणारी यंत्रं निघाली. कॅमेऱ्यानं चेहरे मोजायला कोर्टानं मनाई केली. मग राहिली हवा.

माणूस एखाद्या खोलीत नुसता बसला तरी तिथं स्वतःला सांडत असतो. श्वासातून वायू, कातडीचा भुगा, आणि त्या कातडीवर राहणारे लाखो सूक्ष्म जीव. प्रत्येकाभोवती असा एक न दिसणारा ढग असतो. कुठले जीव किती, याचं मिश्रण माणसागणिक वेगळं, अंगठ्याच्या ठशासारखं. आमचं यंत्र हवा ओढतं, गाळणीवर ते जीव अडकवतं, त्यांच्या जनुकांचे तुकडे वाचतं आणि इथं किती वेगवेगळे ढग आहेत ते सांगतं. त्या आकड्याला म्हणतात वसतांक. इमारतीची किंमत, कर्ज, भाडं, सगळं त्यावर. यंत्राचं सरकारी नाव प्राणमापी. लोक म्हणतात नाक. आणि ते घेऊन फिरणारे आम्ही नाकवाले. माझी आई लग्नाकार्यात सांगते, "मुलगी मोजणी खात्यात आहे." नाकवाली म्हटलं की लोक हसतात म्हणे.

नाकाला फसवता येत नाही, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं.

मी अहवालात 'फेरतपासणी' लिहिलं. त्याला कारण द्यावं लागत नाही, पुढच्या तिमाहीत परत यावं लागतं इतकंच. टिळेकरबाईंनी ते वाचलं, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदाच माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव नीट वाचलं.

"पायगुडे," त्या म्हणाल्या. "ऋचा पायगुडे. बरं."

*

घरी आले तर मोरीच्या बाहेर पाट मांडलेला, पाटावर सासूबाई, त्यांच्या पसरलेल्या पायांवर न्हाऊन लाल झालेली शमू. शेजारी धुपाटण्यात गोवरीचा तुकडा, त्यावर चिमूटभर ओवा, बाळंतशेपा, लसणीची सालं. आणि छतावरच्या धूर-सूचकाला आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घातलेली.

ही आमची दोघींची चोरी होती. निनादला, माझ्या नवऱ्याला, धुरी अजिबात चालत नाही. तो हवेचाच इंजिनिअर, इमारतींच्या हवेच्या नळ्या बघतो. "आई, तो धूर तिच्या फुप्फुसात जातो गं," हे तो शमू जन्मल्यापासून सांगत होता. त्यात पाळणाघराचाही नियम होता : बाळाला तेल नको, पावडर नको, वासाचा साबण नको, धूर तर नकोच. निनादनं मान डोलावून सही केली होती. सासूबाईंनी पण डोलावली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी निनाद पळायला गेल्यावर त्यांनी गोवरी पेटवली. घरातल्या हवामापकानं निनादच्या फोनवर बातमी धाडू नये म्हणून मी ओट्यापाशी जाऊन त्याला 'फोडणी' वर केलं.

शनिवारी मी लवकर घरी येते, तेव्हा दुपारचीही एक धुरी व्हायची. आज तशीच चालली होती.

"टाळू भरेपर्यंत द्यायची असती," सासूबाई नेहमी म्हणायच्या. "एकदा का टाळू भरली की मी धुपाटणं हातात धरणार न्हाई. मग तुम्ही आन तुमचं मशीन."

मी शमूला उचललं आणि तिच्या डोक्यात नाक खुपसलं. वेखंड, ओवा, शेपा, खोबरेल. आणि खालचं ते.

तोच वास.

"काय हुंगतीस एवढं?" सासूबाई म्हणाल्या. "खरी हाय का खोटी, बघतीस व्हय?"

मी हसले. पण तिला खाली ठेवलं नाही.

*

सोमवारी पाळणाघराच्या दारात मी थोडी रेंगाळले. हे पाळणाघर निनादच्या कंपनीचं, कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी, फुकट. बाणेरच्या एका मोठ्या इमारतीच्या तळमजल्यावर. शमू सहा महिन्यांची झाल्यापासून, माझी रजा संपल्यापासून, ती तिथं जात होती. तिथल्या उज्ज्वलाताई मुलांवर जीव टाकायच्या, म्हणून मी कधी फार बघितलंच नव्हतं. आज बघितलं. ताईंनी शमूला घेतलं, तिची टोपी काढून एका पिशवीत टाकली, ओल्या कापसाचा बोळा तिच्या डोक्यावरून हळूच फिरवला, तो बाटलीत घातला, आणि तिला धुतलेली नवी टोपी घातली.

"हे कशाला हो ताई?"

"ते होय? स्वच्छतेचं. पहिल्यापासून करतो की आपण." ताईंनी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. "शमुडीची बाटली वरच्या लोकांना फार आवडते बघा. बाकीच्यांच्या आता नेत पण नाहीत."

वरचे लोक. त्या इमारतीच्या वर कुणी बसतं असं मला कधी जाणवलं नव्हतं.

संध्याकाळी तिथून मिळालेली टोपी मी धुवायला टाकली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात, नाकाची चाचणी घ्यायची म्हणून, तिच्यावरून हवा ओढली. मग खराडीच्या नवव्या मजल्याचा नमुना शेजारी लावला.

नाकाचं एक आहे. त्याला विचारलं तेवढंच ते सांगतं. किती वेगळे ढग, हे विचारलं तर दोनशे बारा. पण हे ढग एकमेकांचे कोण, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं. पडद्यावर एक झाड उमटलं. दोनशे बारा फांद्या, आणि सगळ्या एकाच खोडातून निघालेल्या. जणू त्या मजल्यावर एकाच आईची दोनशे बारा लेकरं कामाला होती. खोड शमूच्या टोपीवर होतं.

मग मी 'इतर' नावाचा भाग उघडला. तिथं नाक ज्याला माणूस समजत नाही अशा गोष्टी टाकतं : अत्तरं, सिगरेट, फिनेल. थायमॉल होतं. ते ओव्यात असतं. असारोन होतं. ते वेखंडात असतं. नवव्या मजल्यावर हिशेबनीस, वकील आणि विमा कंपनीचे लोक बसतात असं पाटीवर लिहिलं होतं. ते सगळे सकाळी आईच्या पायांवर पालथे पडून धुरी घेऊन आले असले पाहिजेत.

मला हसू आलं, आणि मग एकदम निनाद आठवला. शमूला एरवी पाळणाघरात नेऊन सोडायचा तो निनाद. पाळणाघर शोधलं ते निनादनं. सही त्याची. आणि 'धूर नको, तेल नको' हे घरात सगळ्यात जास्त वेळा म्हणणाराही तोच.

*

पुढचे दोन आठवडे मी माझ्या नवऱ्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघत होते. तो शमूचा पापा घ्यायचा तेव्हा वाटायचं, हुंगतोय का? तिची टोपी घडी करून बॅगेत ठेवायचा तेव्हा वाटायचं, ही घडी इतकी नीट का? एकदा त्यानं सहज विचारलं, "हिच्या डोक्याला काय लावता का गं तुम्ही?" मी म्हटलं, "छे." सासूबाईंनी भाजीत मान घातली. तो काही बोलला नाही. तो का काही बोलला नाही, यावर मी सबंध दिवस घालवला.

शेवटी एका रविवारी सकाळी गॅलरीत, तो शमूची झबली वाळत घालत होता आणि मी चिमटे देत होते, तेव्हा विचारलं.

"निनाद, शमूचं डोकं खराडीत काय करतंय?"

त्याच्या हातातलं झबलं तसंच राहिलं. "काय?" म्हणाला नाही तो. तेवढ्यावरून मला कळलं.

"कधी कळलं तुला?" त्यानं विचारलं.

"तू सांग. तुला कधी कळलं?"

"सहीच्या वेळी नाही. आईशप्पथ नाही. 'हवेच्या गुणवत्तेचं संशोधन' असं होतं त्यात. मला वाटलं, मुलांना धूळबिळ लागते का ते बघतायत." त्यानं झबलं दोरीवर टाकलं, नीट केलं, परत नीट केलं. "मग उन्हाळ्याच्या आधी टिळेकरबाईंच्या कंपनीकडून तो लेप लावायचं काम आलं आमच्याकडे."

"कुठला लेप?"

"भिंतीचा. हवा शुद्ध करतो म्हणून विकतात. जिवंत असतो तो. दही कसं लागतं? चमचाभर विरजण, पातेलंभर दूध. तसंच. एका माणसाच्या कातडीवरचे जीव घ्यायचे, त्यांना भिंतीवर खायला द्यायचं, वाढवायचं. वाढताना थोडे थोडे बदल करायचे, म्हणजे नाकाला प्रत्येक चौकोन वेगळा माणूस वाटतो. श्वासाचे वायू दुसरे जीव सोडतात. पण विरजण चांगलं लागतं. मोठ्या माणसाच्या अंगावर डिओ, औषधं, सतरा प्रकार. बाळ कसं कोरं असतं."

"म्हणून तेल नको, पावडर नको."

"म्हणून."

"आणि तू गप्प बसलास."

"तिला काय टोचलं का ऋचा? रक्त काढलं? कापूस फिरवला डोक्यावरून. उज्ज्वलाताई तेवढं जपतात तिला, तेवढं आपणपण जपत नाही." त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला, कारण आत शमू झोपली होती. "या इमारती एका दिवसात रिकाम्या ठरल्या तर काय होईल माहितीये? आईची पेन्शन कुठल्या फंडात आहे? तुझ्या बाबांची? आणि तुमच्या ऑफिसला हे ठाऊक नाही असं वाटतं तुला? त्या नाकाला 'हे एकमेकांचे कोण' विचारायचं बटण आहेच ना? मग कुणीच का दाबत नाही ते?"

शेवटचं मला आवडलं नाही, कारण ते मी आधीच स्वतःला विचारून झालं होतं.

"तिच्या डोक्याचा वास येतो तिथं," मी म्हटलं. "रिकाम्या खुर्च्या आहेत, त्यांच्यावर प्लॅस्टिक आहे, आणि आपल्या लेकीच्या डोक्याचा वास येतो. तू कधी गेलास तिथं?"

तो खाली बघत म्हणाला, "मी नळ्या बघतो. आत जात नाही."

मी विश्वास ठेवला नाही. ठेवायचा होता, पण जमलं नाही.

सोमवारपासून शमूचं पाळणाघर बंद केलं. सासूबाईंना एवढंच सांगितलं, की तिथं सर्दीची साथ आहे. त्या म्हणाल्या, "सर्दीला धुरीच चांगली."

*

ऑफिसात देशमाने सर, माझे वरिष्ठ. दोन वर्षांत निवृत्त होणारे, टेबलावर तुळस ठेवणारे. त्यांना मी झाड दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, झाड बघितलं, चष्मा खाली केला.

"पायगुडे, आपलं काम काय?"

"माणसं मोजणं, सर."

"नाही बाळा. हवा मोजणं. हवेत माणूस आहे, तर आपल्या लेखी माणूस आहे. उद्या तुम्ही म्हणाल, देवळात देव आहे का ते पण मोजा." ते स्वतःच्याच वाक्यावर हसले. मग हसणं संपवून म्हणाले, "तिमाही आली की जा. जे दिसेल ते लिहा. पण आधी विचार करा, की दिसतं कशानं. डोळ्यानं की यंत्रानं. नियमात काय लिहिलंय, ते वाचून घ्या एकदा."

ते मला सांगत होते की धमकावत होते, मला आजही कळलेलं नाही. नियम मात्र मी वाचला. त्यात लिहिलं होतं की तपासनीस 'आपल्या पंचेंद्रियांच्या व यंत्राच्या आधारे' वसतांक ठरवील, आणि तपासनिसानं भरलेला आकडा त्याच क्षणी सर्व हिस्सेदारांना दिसेल. पंचेंद्रियं आधी होती. यंत्र नंतर.

*

शमूची पाळणाघरातली कपड्यांची पिशवी आणायला गेले, तर बाळांच्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीशी घेऊन, डॉ. टिळेकर बसल्या होत्या. पायात तेच पळायचे बूट.

"तुमची वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "शमू येत नाही, म्हणून उज्ज्वला रडवेली झालीय. बसा ना."

मी उभीच राहिले.

"तुम्हाला कळलंय, हे मला कळलंय. तेव्हा आपण सरळ बोलू. आमच्याकडे आठ बाळं होती. सात जणांची विरजणं नासली. भिंतीवर दुसरे जंतू चढतात आणि खाऊन टाकतात. तुमच्या शमूचं तेवढं टिकलं. तिच्या डोक्यावरचे जीव इतके चिवट कसे, आम्हाला काही केल्या कळेना. त्यांच्या आसपास दुसरं काही उगवतच नाही." त्या पुढे झुकल्या. "पण आता तेही दमायला लागलंय. वास बदलतोय. तिच्या अंगावर काहीतरी होतं, जे आमच्या लेपात नाही. आमच्या यादीतलं सगळं तपासलं. यादी बाहेरून आलेली, त्यात सगळे साबण, सगळे शॅम्पू. काही सापडत नाही. म्हणून विचारते, एका आईला. तुम्ही काय लावता हो तिला?"

मला ते तिथंच, त्या खेळण्यांमध्ये, उमगलं. ओव्याचं थायमॉल जंतू मारतं. रोज धुरी मिळालेल्या डोक्यावर तेच जीव उरतात, जे धुरीला पुरून उरले. सासूबाईंनी पाटावर बसून महिनोन् महिने विरजण घट्ट केलं होतं. आणि या लोकांनी तेल नको, धूर नको असं लिहून घेतल्यामुळे, धूर असेल असं त्यांच्या मनातसुद्धा येत नव्हतं. धुरीचा जो अंश कापसाबरोबर आला, तो आता भिंतींवर संपत आला होता.

एक शब्द. बाजारात दहा ठिकाणी मिळणारी वस्तू. ती लेपात मिसळली की हे कधीच मरणार नव्हतं.

"शमूच्या नावानं काही करायची आमची तयारी आहे," टिळेकरबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "आणि बघा ना, मुलं मोठी होतात. तो वास राहत नाही. माझा मुलगा आता दाढी करतो. त्याच्या लहानपणाचा वास कुठं मिळाला असता, तर मी चालत गेले असते. तुम्हाला तो कायमचा मिळेल. कुठल्याही इमारतीत जा."

त्या खोटं बोलत नव्हत्या. तेच भीतीदायक होतं.

"काही नाही लावत," मी म्हटलं. "नुसतं पाणी."

मी पिशवी उचलली.

*

श्रावणात सासूबाईंनी एका सकाळी शमूच्या डोक्यावर तळवा ठेवला, दाबून पाहिलं, आणि धुपाटणं घासून माळ्यावर ठेवून दिलं. "भरली टाळू," म्हणाल्या. धूर-सूचकाची टोपी त्यांनीच स्टुलावर चढून काढली. शमू तेव्हा भिंत धरून चालत होती. आठवडाभरात तिच्या डोक्याला घाम, ऊन आणि बिस्किटं यांचा वास यायला लागला. मी रोज शोधायचे. जुना वास कधी केसांच्या मुळाशी जरासा सापडायचा. मग सापडेनासा झाला.

तिमाही आली. खराडीला जायचा दिवस नेमका सासूबाईंच्या दवाखान्याचा निघाला, आणि पाळणाघर तर नव्हतं. निनाद म्हणाला, "मी रजा घेतो."

"नको. मी नेते तिला."

"फेरतपासणीला? ऋचा, असं चालतं का?"

"चालत नसेल तर सांगतील."

त्यानं नाकाची बॅग दारापाशी आणून ठेवली. मी बघितलं, की बॅगेची चेन मी लावली होती त्याहून जास्त ओढलेली होती. कुणीतरी उघडली होती. त्याला गाळणी बदलता येते. त्याला सगळंच येतं. मी त्याच्याकडे बघितलं, तो शमूचे बूट घालत होता, खाली मान घालून. वाटेत पेट्रोलपंपावर थांबून गाळणी काढून फेकली आणि ऑफिसची सीलबंद गाळणी घातली.

नववा मजला तसाच होता. या वेळी सांगितलं की सगळे प्रशिक्षणाला गेलेत. टिळेकरबाई शमूला बघून थबकल्या, मग दारापाशीच उभ्या राहिल्या. त्यांनाही नियम ठाऊक होता : फेरतपासणीची मोजणी चालू असताना तपासनिसाशिवाय आत कुणी नाही. शमूबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत.

दार बंद झालं. वास आला.

पहिल्यापेक्षा फिका, पण होता. शेपा, वेखंड. आणि तो खालचा. मी शमूला खाली ठेवलं आणि खांबाला टेकून बसले. घरी संपलं ते इथं भिंतीवर होतं. सहा महिन्यांची शमू, नऊ महिन्यांची शमू, दोनशे बारा शमू, कुणीच माझ्याकडे न बघणाऱ्या. आणि समोर खरी शमू टेबलांच्या रांगांमधून थपथप चालत निघाली. एका खुर्चीच्या हातावरचं प्लॅस्टिक तिला दिसलं. ते तिनं दोन्ही हातांनी ओढायला घेतलं. निघेना. तिला राग आला.

"आई!" ती ओरडली. एवढ्या मोठ्या रिकाम्या जागेत तो आवाज इकडून तिकडे गेला आणि परत आला.

मी उठले. तिला उचललं. तिचं रडू थांबेना, काहीतरी खायला द्यावं म्हणून माझा डबा काढायला नाकाच्या बॅगेत हात घातला, तर पुढच्या खणात कागदात गुंडाळलेली नाचणीची दोन बिस्किटं होती, एक लंगोट, आणि तिचा लाकडी घोडा. चेन त्यासाठी ओढलेली होती. निनादनं सकाळी ते भरलं होतं, सांगितलं नव्हतं.

मी घोडा शमूच्या हातात दिला आणि बिस्किटांचा कागद सोडला.

शमूनं बिस्किट खाल्लं. चुरा माझ्या खांद्यावर सांडला. मी तिच्या डोक्यात नाक घातलं. घाम, ऊन, नाचणी. जुनं काही नाही. मग मान वर केली आणि भिंतीवरचा श्वास एकदा, छाती भरून आत घेतला. एकदाच.

नाक दोनशे तेरा दाखवत होतं. त्यातला एक आकडा माझा होता. शमूला त्यानं मोजलंच नव्हतं. ती त्या भिंतीचीच आहे असं त्याला वाटलं असावं.

मी नाकाच्या पडद्यावर अहवाल उघडला. कारणाच्या जागी पंचेंद्रियांचा नियम लिहिला, खाली ते एकाच खोडाचं झाड जोडलं. मग प्रश्न आला : या मजल्यावर प्रत्यक्ष वसती किती?

शून्य लिहायचं मी ठरवून आले होते. पण ते खरं झालं नसतं.

"शमू," मी म्हटलं, "इथं किती माणसं आहेत गं?"

तिनं चिकट बोट माझ्या छातीला लावलं. मग स्वतःच्या पोटाला.

मी लिहिलं : दोन. आणि पाठवून दिलं. दार उघडून बाहेर आले तेव्हा टिळेकरबाईंच्या हातातला फोन वाजायला लागला होता.